गाडीतली जागा : डोळ्यांची आणि गुडघ्यांची

नवीन मोटारगाडीचे माहितीपत्रक हातात घेतले की त्यात सीटविषयी चार शब्द हमखास सापडतात : हलकी, सुटसुटीत, ऐसपैस आणि हवी तशी मागेपुढे करता येणारी. यांपैकी पहिले तीन शब्द डोळ्यांना उद्देशून आहेत, चौथा शरीराला. गाडी विकत घेणारा माणूस शोरूममध्ये पाचदहा मिनिटे सीटवर बसतो. त्या वेळात त्याचे डोळे निकाल देऊन मोकळे झालेले असतात. कंबर, मांड्या आणि गुडघे यांचा निकाल यायला तास-दीड तास लागतो. तोवर अमळनेरहून निघालेली गाडी धुळ्याच्या पुढे गेलेली असते आणि हप्ते सुरू झालेले असतात. आमची तक्रार आहे ती या दोन निकालांतल्या अंतराविषयी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडच्या गाड्यांच्या सीट दिसायला खूप सुधारल्या. त्या मानाने बसायला किती सुधारल्या, हे शाळेतल्या फूटपट्टीने आणि कोनमापकाने तपासता येण्यासारखे आहे.

आधी डोळ्यांचे पाहू. काळ्या कागदावर पांढरा चौकोन चिकटवा आणि पांढऱ्या कागदावर तेवढाच काळा. पांढरा चौकोन किंचित मोठा भासतो. या भासाचा विचार गॅलिलिओने ग्रहताऱ्यांच्या संदर्भात केला होता आणि एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने त्यावर लिहिले आहे. गाडीच्या आतल्या भागाला फिकट बदामी रंग देण्यामागे हीच युक्ती असते. दुसरी युक्ती फटीची. सीटखालची जमीन आरपार दिसली की खोली मोठी वाटते. पाय असलेले लाकडी कपाट आणि जमिनीला टेकलेले गोदरेजचे कपाट यांत जो फरक जाणवतो, तोच हा. हेडरेस्टला मधे पोकळी ठेवली, पाठीच्या कडा निमुळत्या केल्या, की मागे बसलेल्याची नजर पुढे जाते आणि गाडी लांब वाटते. या युक्त्यांना आमचा आक्षेप नाही. घराला चुना लावल्याने घर मोठे होत नसले तरी राहायला बरे वाटते. शिवाय खानदेशच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, फिकट सीट काळ्या सीटपेक्षा कमी तापते हा खराखुरा फायदा आहे.

आक्षेप आहे तो तिसऱ्या युक्तीला, आणि ती कळायला थोडी भूमिती लागते. मागच्या सीटची बैठक, म्हणजे ज्यावर आपण बसतो तो आडवा भाग, पाचसहा सेंटिमीटरने आखूड केला तर काय होईल? दार उघडून पाहणाऱ्याला बैठकीची कड आणि पुढच्या सीटची पाठ यांत तेवढी जास्त मोकळी जागा दिसेल. ‘पाय ठेवायला किती जागा आहे पाहा,’ असे विक्रेता म्हणेल. आता बसून पाहा. आपले गुडघे कुठे येतात हे बैठकीच्या कडेवर अवलंबून नसते. पार्श्वभाग पाठीला टेकला की तिथून गुडघ्यापर्यंतचे अंतर आपल्या मांडीच्या हाडाने ठरवलेले असते. बैठक आखूड केल्याने गुडघा एक मिलिमीटरही मागे सरकत नाही; फक्त मांडीखालचा आधार गेला. डोळ्यांना मिळालेली जागा मांडीच्या खर्चाने मिळाली. याउलट पुढच्या सीटच्या पाठीला मागून खोलगट आकार दिला तर गुडघ्याला तीनचार सेंटिमीटर खरोखरच मिळतात. एका युक्तीत जागा आहे आणि दुसरीत तिचे चित्र. माहितीपत्रकात दोन्ही शेजारी शेजारी, एकाच विशेषणाखाली असतात.

मग खरी जागा येते कुठून? याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली. बाहेरून झेनएवढी, आतून अ‍ॅम्बॅसॅडरएवढी आणि किंमत मारुती ८०० च्या जवळपास, असे तिचे जाहीर उद्दिष्ट होते. दहा वर्षांनी, जानेवारी २००८ मध्ये, नॅनो लोकांसमोर आली. पुण्यातल्या अभियंत्यांनी गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली ती घडवली होती. लांबी ३.१ मीटर, मारुती ८०० ची सुमारे ३.३ मीटर. बाहेरून ८ टक्के लहान आणि आतून २१ टक्के मोठी, असा टाटांचा दावा होता. ऐकणाऱ्याला ही जाहिरातबाजी वाटली, पण त्यामागचे गणित नववीचा विद्यार्थी करू शकेल.

माणूस सीटवर बसला की त्याच्या शरीराच्या तीन रेषा मानू : धड, मांडी आणि पोटरी. मांडी आडवी धरू. धड ५० सेंटिमीटर आणि पोटरी ४० सेंटिमीटर समजू. बुटक्या गाडीत सीट जमिनीलगत असते. तिथे धड उभ्या रेषेपासून २५ अंश मागे कलते आणि पोटरी ४५ अंश पुढे पसरते. आडवी जागा किती लागली? धडाची ५० × साइन २५, म्हणजे २१ सेंटिमीटर. पोटरीची ४० × साइन ४५, म्हणजे २८. आता सीट उंच करा, म्हणजे धड १५ अंश कलेल आणि पोटरी २० अंश. धडाला १३ आणि पोटरीला १४ सेंटिमीटर पुरतात. एका रांगेमागे २२ सेंटिमीटर वाचले, दोन रांगांत ४४. मोबदल्यात उंची दर रांगेला बारातेरा सेंटिमीटर जास्त लागते, पण दोन्ही रांगा एकाच छताखाली असल्याने ती एकदाच मोजायची. नॅनोची उंची १.६५ मीटरच्या आसपास होती, मारुती ८०० ची १.४. इंजिन मागे, चाके अगदी कोपऱ्यांत, आणि माणूस खुर्चीवर बसावा तसा ताठ. नॅनोत बसताना धोतर-लुगड्यातल्या वयस्क माणसालाही खाली वाकावे लागत नसे, कारण सीट जवळजवळ कमरेच्या उंचीला येई. उंच सीटमुळे गुडघेदुखी असलेल्यांची केवढी सोय होते, याचा उल्लेख गाड्यांच्या परीक्षणांत क्वचितच सापडतो; ती परीक्षणे लिहिणारे बहुधा तिशीतले असतात.

नॅनो २०१८ नंतर बनत नाही. ती का चालली नाही याची कारणे वेगळी आहेत आणि बरीचशी सीटबाहेरची. पण जागा रंगाने नव्हे तर कोनांनी निर्माण होते, हे तिने दाखवले. आज रस्त्यावर दिसणाऱ्या उंच गाड्यांनी तो धडा उचलला, असे म्हणायला हरकत नाही.

आता ‘हलकी’ या विशेषणाकडे येऊ. सीटची पाठ आणि बैठक पातळ केली की गाडीचे वजन घटते, इंधन थोडे वाचते आणि आत जागाही होते. हे सगळे खरे. पण फोम पातळ केल्यावर त्याचे दुसरे काम कोण करणार? ते काम म्हणजे खड्ड्यांचे कंप गाळणे. स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तूची नैसर्गिक कंप्रता काढण्याचे एक सोपे सूत्र आहे : वस्तूच्या वजनाने स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबते, त्या संख्येच्या वर्गमुळाने ५ ला भागा, उत्तर हर्ट्झमध्ये मिळते. सीट चार सेंटिमीटर दबत असेल तर कंप्रता २.५ हर्ट्झ. एकच सेंटिमीटर दबत असेल तर ५ हर्ट्झ. फोम काही आदर्श स्प्रिंग नव्हे, तेव्हा ही उत्तरे ढोबळ समजावीत. दिशा मात्र बरोबर आहे.

या पाच हर्ट्झला भिण्याचे कारण असे की बसलेल्या माणसाचे धड उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झ कंपनांना सर्वांत जास्त प्रतिसाद देते. पोटातले अवयव, मणके, खांदे या पट्ट्यात हेलकावतात. आणि कोणतीही स्प्रिंग आपल्या नैसर्गिक कंप्रतेच्या १.४ पटीच्या वरचीच कंपने कमी करते. त्याखालची ती उलट वाढवते. म्हणजे चार सेंटिमीटर दबणारी सीट साडेतीन हर्ट्झच्या वरचे सगळे गाळू लागते. एक सेंटिमीटर दबणारी सीट मात्र सात हर्ट्झपर्यंतचे हादरे वाढवून शरीरात पोचवते, नेमके जिथे शरीर हळवे आहे तिथे. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर हा फरक समजणे अशक्य. शेतरस्त्यावर दहा मिनिटांत समजतो.

म्हणजे हलकी, पातळ दिसणारी सीट वाईटच असते का? मुळीच नाही, आणि त्याचा पुरावा खानदेशातल्या अंगणाअंगणांत आहे. बाज पाहा. चार पाय, चार लाकडे आणि सुंभ किंवा नवार. बाजेहून पातळ आणि आरपार दिसणारे आसन शोधून सापडायचे नाही. पण माणूस बसला की ती चांगली खोल झोळते. दबण्यासाठी जाडी लागत नाही. ताणलेले काहीतरी आणि खाली मोकळी जागा लागते. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९४८ साली ‘दोन अश्वशक्ती’ नावाची शेतकऱ्यांची गाडी आणली. तिच्या सीट म्हणजे नळ्यांची चौकट आणि रबरी पट्ट्यांनी ताणलेले कापड. त्या उचलून बाहेर काढता येत आणि रानात बसायला वापरता येत. तिच्या लवचिकपणाची आजही तारीफ होते. १९९४ साली अमेरिकेत बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी जाळी ताणून केलेली ‘एरॉन’ ही कचेरीतली खुर्ची जगभर गाजली. तत्त्व तेच, बाजेचे. मोटारींच्या चांगल्या सीटमध्येही फोमखाली नागमोडी तारांची जाळी असते आणि दबण्याचे निम्मे काम ती करते. तेव्हा सीट पातळ आहे का, हा प्रश्न फोल आहे. तिच्याखाली काय ताणले आहे, हे विचारावे. पत्र्याच्या तळावर दोन इंच फोम ठेवून त्याला ‘स्लिम’ म्हणणे ही निव्वळ काटकसर आहे.

एवढे मात्र सांगितले पाहिजे की गाडीची सीट ही बाज नव्हे. अपघातात पट्ट्याने कंबर धरून ठेवलेली असताना अंग पट्ट्याखालून पुढे घसरू नये, म्हणून बैठकीच्या पुढच्या भागात पत्र्याचा चढ ठेवलेला असतो. पाठीला आणि हेडरेस्टला मागून धडक बसल्यावर डोके धरायचे असते. फ्रेंच गाडीच्या झोळीसारख्या सीटमध्ये यांतले काही नव्हते. आजच्या सीटने दिसावे हलके, पण आत हाडे असावीत, अशी ही कसरत आहे आणि ती साधणाऱ्या अभियंत्यांविषयी आम्हाला आदर आहे.

आता राहिला चौथा शब्द : मागेपुढे, वरखाली करता येणे. याचा उगम मोटारीत नाही, विमानात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाईदलाला वाटू लागले की वैमानिकांच्या कक्षाची मापे जुनी झाली. १९५० मध्ये चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेतली गेली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने त्यांतली दहा मापे निवडली : उंची, छाती, बाहीची लांबी वगैरे. प्रत्येक मापातल्या मधल्या ३० टक्क्यांना त्याने ‘सरासरी’ म्हटले आणि दहाही मापांत सरासरी असलेले वैमानिक मोजले. ४०६३ पैकी एकही निघाला नाही. १९५२ साली त्याने हे प्रसिद्ध केले. सरासरी माणसासाठी बनवलेला कक्ष कोणालाच बसत नव्हता. तेव्हापासून हवाईदलाने सीट, पेडल आणि पट्टे जुळवून घेता येतील असे मागायला सुरुवात केली. वर्गात सरासरी शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

गाडीतला प्रत्येक खटका या निष्कर्षाची कबुली आहे. प्रश्न असा की कबुली किती जणांपुरती? सीट आखताना मांडीच्या सांध्याचा बिंदू ठरवायला जो यांत्रिक पुतळा वापरतात, त्याचे धड मध्यम अमेरिकी पुरुषाचे आहे. धडक चाचण्यांत सर्वाधिक वापरला जाणारा पुतळा सुमारे १७५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ७८ किलो वजनाच्या पुरुषाचा. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर. आपल्याकडची मापे उपलब्ध नाहीत असेही नाही. देवकुमार चक्रवर्ती यांनी देशभरातल्या माणसांची मापे एकत्र करून केलेला ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्येच प्रसिद्ध केला आहे.

अमळनेरच्या एका शिक्षकमित्रांनी मध्यंतरी आम्हाला विचारले, ‘सर, जुन्या गाडीत काहीच हलत नव्हते, तरी हिची कंबर दुखत नव्हती. नव्या गाडीत सगळे हलते, आणि ही धुळ्यापर्यंत टिकत नाही. असे का?’ वहिनींची उंची पाच फुटांच्या आत. त्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि आम्ही पाहत राहिलो. बैठक त्यांच्या मांडीपेक्षा लांब होती. पाठ टेकून बसल्या तर कड पोटरीत रुते आणि टाचा उचलल्या जात. म्हणून त्या पुढे सरकून बसत. पुढे सरकल्या की कंबर आणि पाठ यांत हातभर नाही तरी वीतभर पोकळी. म्हणजे सीटला पाठ होती, वहिनींना नव्हती. सीट मागेपुढे होत होती, पाठ कलत होती. पण त्यांना हवे ते एकच, बैठकीची खोली, स्थिर होते. त्यावर भर म्हणजे गाडी घेतल्याच्या आठवड्यात बसवलेले रेक्झिनचे जाड कव्हर. कंपनीने पाठीला दिलेला कमरेचा उठाव त्याच्या फोमखाली बुजून गेला होता. (सीटच्या बाजूतून उघडणारी एअरबॅग असेल तर असे कव्हर तिच्या वाटेतही येते, कव्हर विकणारा हे सांगत नाही.) कव्हर काढले, कमरेमागे घडी केलेला टॉवेल ठेवला, पायाखाली चार बोटे उंचीची फळी दिली. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊ, हे तर आमच्या शाळेतल्या पहिलीच्या बाकासारखं झालं. पोरांचे पाय लोंबतात तसे माझे लोंबत होते.’ निदान त्यांचे होते. आम्ही फक्त मोजले.

पाठ टेकण्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी साठच्या दशकात शोधले. जिवंत माणसाच्या कमरेतल्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून त्यांनी दाब मोजला. आधाराविना बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा जास्त आढळला. १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजमापांत बसणे आणि उभे राहणे यांतला हा फरक दिसला नाही, तेव्हा ‘बसणे उभे राहण्याहून वाईट’ हे विधान आता सरसकट करता येत नाही. पण पाठ मागे टेकली की दाब उतरतो, यावर दोन्ही मोजमापांचे एकमत आहे. टेकता येण्यासाठी आधी पाठीपर्यंत पोचता आले पाहिजे.

आणि हे सगळे पुढच्या दोन सीटबद्दल झाले. खानदेशातल्या कुटुंबाच्या गाडीत माणसे मागे असतात : आजी, आई, दोन मुले, मांडीवर एखादे भाचरू. मागच्या सीटला बहुतेक गाड्यांत एकही खटका नाही. सामानासाठी ती दुमडून सपाट व्हावी म्हणून तिची पाठ मुळातच सपाट आणि पातळ असते. मधल्या माणसाला तर दोन गाद्यांमधला उंचवटा मिळतो. फोटोत तिघांची दिसणारी ही सीट दोघांसाठी आखलेली असते. मागची रांग सरकवता येणाऱ्या गाड्याही आता आहेत. २०१९ मध्ये आलेली रेनॉची ट्रायबर चार मीटरच्या आत सात जणांना बसवते. दुसरी रांग पुढेमागे सरकते, तिसरी उचलून बाहेर काढता येते. हे डोके लढवून केलेले काम आहे, आणि तिसरी रांग काढल्यावर होणारी जागा खरी आहे. फक्त सरकवण्याचा हिशेब समजून घ्यावा. दुसरी रांग दहा सेंटिमीटर मागे गेली की तिसऱ्या रांगेचे दहा सेंटिमीटर गेले; बेरीज शून्य. सरकपट्टी जागा निर्माण करत नाही, तिची वाटणी करते. वाटणीत कोण हरणार हे सहसा वयावरून ठरते.

आठवी-नववीच्या वर्गासाठी एक काम सुचवतो. शाळेच्या आवारात उभी असलेली कोणतीही गाडी घ्या. मालकाची परवानगी काढा. मुलांनी आधी नुसते पाहून गाड्यांना ‘ऐसपैस’पणाचे गुण द्यावेत. मग चार मापे घ्यावीत : पाठीपासून बैठकीच्या कडेपर्यंतचे अंतर, जमिनीपासून बैठकीची उंची, पाठीपासून पुढच्या सीटपर्यंतचे अंतर, आणि एका मुलाला बसवल्यावर बैठक किती दबते ते. शेवटचे माप काढायला बैठकीच्या कडेला आडवी काठी धरून बसण्याआधी आणि बसल्यानंतर मोजावे. त्यावरून वरच्या सूत्राने कंप्रता काढता येईल. मग हीच मापे घरातल्या तिघांच्या शरीराशी ताडून पाहावीत, आणि त्या तिघांत एक आजी असावी.